बाराला पतंग

सारंगखेड्याच्या पुलावरून ते बेट दिसत नाही.
बाभळींची एक रांग, बाकी रेती,
आणि कुणीतरी लावून विसरलेले डांगराचे वेल.
झिपरू वाडिले होडीतून नेतो,
दोघांना, फार तर तिघांना,
आणि दोर सोडण्याआधी एकच विचारतो:
"मांगे येवाले जमस ना?"

म्हणजे वाऱ्यानं नेलं तर
वाऱ्याच्याच अंगावर चढून परतता येतं का.
नवशिक्यांना तो नेत नाही.
उस्ताद इकडे फिरकत नाहीत;
त्यांना समुद्र लागतो, लाटा लागतात,
बघायला माणसं लागतात.
उरतो आम्ही मधले:
निहालसिंग गिरासे, साक्रीकडे पवनचक्क्यांवर चढणारा,
आणि मी, शहाद्याच्या शाळेत भूगोल शिकवणारी,
नऊ मीटरचा जुना पतंग घेतलेली.
त्याला दोन ठिगळं.

वारा तीनला येतो.
आधी पलीकडच्या काठाची केळी सांगतात:
पानं उलटतात, पांढुरकी पोटं दिसतात.
मळेवाला आत्ता टेकू चाचपत निघाला असेल.
मी पंप मारते.
वारा एकच.
यावर मी फार विचार करत नाही,
केला तर पतंग जमिनीवरच राहील.

पूर्वेच्या टोकाला टिटवीची अंडी आहेत,
झिपरूनं भोवती चार दगड मांडलेत.
तिथून उडवायचं नाही.
निहालसिंग इकडे पतंगाची कड धरून उभा.
मी अंगठा वर करते.
तो सोडतो.

आता पतंग बाराला,
घड्याळातल्या बाराला, थेट डोक्यावर.
घरी कुणाचे बारा वाजले की रडारड;
इथे बारा म्हणजे विसावा,
पतंग स्वस्थ, पाणी गुडघ्याएवढं,
मी बोर्डात पाय घालते आहे.

मग दहाकडे झुकवते
आणि चारही दोऱ्या एकदम बोलतात.

लहानपणी इथल्याच यात्रेत
मामाच्या घोडीनं मला फरफटवलं होतं.
सोड, लगाम सोड, सगळे ओरडत होते.
मी सोडला नाही. कोपरावर अजून खूण आहे.
पुढे रामेश्वरमच्या उथळ पाण्यात बारा दिवस
मी फक्त तेवढंच शिकले, उशिरा का होईना:
घाबरलीस की हात उघड.

बोर्डाखाली पाणी फाटतं, जुन्या धोतराचा आवाज.
तापी पश्चिमेला जाते, वारा पश्चिमेकडून येतो.
वर्गात मी हे फळ्यावर दोन बाणांनी दाखवते.
आज ते बाण माझ्या टाचांखाली आहेत:
वाऱ्याविरुद्ध चढताना
बॅरेजनं अडवलेली ही सुस्त नदी
मला बोटभर पुढे ढकलते.
बोटभर. मला कळतं.

वळण मात्र अजून येत नाही.
पतंग वर घ्यायचा, वजन बदलायचं,
एक क्षण कुठल्याच बाजूचं नसायचं.
त्याच क्षणाला मी खाली बघते
आणि पडते.
आजही पडले, सात वेळा,
आठव्यांदा पडले नाही,
नवव्यांदा पुन्हा.
नाकात तापी. निहालसिंग लांबून हात हलवतो,
हसतो की बोलावतो, समजत नाही.

पाचनंतर वारा मोडला.
पतंग पाण्यावर पालथा, ओल्या गोधडीसारखा.
मी दोऱ्या गुंडाळत चालत आले.
झिपरूनं किंमत विचारली, मी सांगितली.
तो होडीतलं पाणी उपसत राहिला, मग म्हणाला,
"इतला पैसामा घोडी उनी असती."

मी म्हटलं, होती एक.

त्यानं माझ्या कोपराकडे पाहिलं,
मग टिटवीच्या दगडांकडे,
आणि वल्हं माझ्या हातात दिलं.
"आते तू."
होडी आधी गोल फिरली. तो काही बोलला नाही.